ध्रुव दिसत नसेल तर रात्री दिशा कशी धरायची?

भटका_जीव:

सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला मी शिकलो आहे. क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांमधलं अंतर त्याच रेषेत पाच वेळा पुढे नेलं की ध्रुव सापडतो. मोकळ्या माळावर हे व्यवस्थित जमतं. डोंगरात शिरलं की मात्र पंचाईत होते. उत्तरेला कडा असला की ध्रुव त्याच्या आड जातो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तर सप्तर्षीच क्षितिजाखाली असतात.

आमचा गट रात्रीचा चालतो, शक्यतो अमावास्येच्या आगेमागे, कारण आकाश तेव्हाच खरं दिसतं. फोन, जीपीएस, होकायंत्र सगळं सोबत असतं आणि ते असावंच. पण फोन भिजला किंवा बॅटरी संपली तर निदान दिशा तरी आपली आपल्याला कळावी, अशी फार इच्छा आहे.

ध्रुवाशिवाय उत्तर कशी काढायची? दिशा कळल्यावर अंधारात ती टिकवायची कशी? आणि चंद्रकोरीची दोन टोकं जोडून रेघ खाली आणली की दक्षिण मिळते असं ऐकलंय, ते खरं आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

निशाचर:

सप्तर्षी नसतात तेव्हा शर्मिष्ठा असते. ध्रुवाच्या एका बाजूला सप्तर्षी, तर साधारण समोरच्या बाजूला शर्मिष्ठा, त्यामुळे एक मावळतीला लागले की दुसरी वर येते. पाच ताऱ्यांचा वाकडातिकडा ‘एम’ दिसतो. त्याचा मधला तारा ज्या बाजूला टोक काढतो त्या बाजूला तीन मुठी अंतरावर ध्रुव. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. रेघ नेमकी ध्रुवावर जात नाही, पण त्या भागात एवढा ठळक दुसरा तारा नाही, त्यामुळे चुकायला होत नाही.

चार_ते_आठ:

निशाचर यांनी सांगितलं ते बरोबर आहे. मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो.

मी मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर होतो. आमची वॉच पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ. सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायची तर तारा आणि क्षितिजाची रेघ दोन्ही एकाच वेळी दिसावी लागतात, आणि तसं फक्त संधिप्रकाशात होतं. त्यामुळे ताऱ्यांचं काम ओघानेच आमच्या वाट्याला यायचं. उष्ण कटिबंधात हा संधिप्रकाश भराभर सरतो. म्हणून कोणता तारा कुठे आणि किती उंचीवर असेल हे आधीच काढून ठेवायचं, सेक्स्टंट त्या उंचीला लावायचा आणि क्षितिजावरून हळूहळू फिरवायचा. तारा साध्या डोळ्यांना अजून दिसतही नसतो, आणि आरशात एकदम टिपका उमटतो. पुढे जीपीएस आलं तरी मी हे सोडलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ध्रुव दिसलाच पाहिजे हा हट्ट धरू नका. तेजस्वितेत तो पहिल्या चाळिसातही बसत नाही. त्याचं महत्त्व एवढंच, की आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडाच लांब आहे. हा बिंदू कड्याआड गेला तरी बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतच असतात, आणि ते आपल्याला दिसतात.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे तुमचा अक्षांश. २० अंश उत्तर अक्षांश धरला तर ध्रुव फक्त दोन मुठी वर असतो. एक किलोमीटरवर ३६० मीटर उंचीचा डोंगर असेल तर तो झाकला जायला तेवढं पुरे. पण शर्मिष्ठा ध्रुवापासून आणखी तीन मुठी वर जाते, म्हणजे सगळ्यात उंच असताना ती जवळपास ५० अंशांवर असते. तिथवर पोचणारा डोंगर क्वचितच भेटतो. ती त्या उंचीवर असते तेव्हा ‘एम’ डोळ्यांसमोर सरळ उभा दिसतो, कुठल्याही बाजूला कललेला नसतो. त्या क्षणी त्याच्या मधल्या ताऱ्यापासून सरळ खाली ओळंबा सोडा. ओळंबा जिथे जमिनीला लागेल ती उत्तर. ध्रुव कड्यामागे असेना का.

ओळंबा मी शब्दशः म्हणतोय. दोरीला दगड बांधा, हात लांब करून धरा, एक डोळा मिटा आणि दोरी ताऱ्यावर आणा. नुसत्या नजरेने ‘सरळ खाली’ ठरवायला गेलात तर उतारावर उभं असताना हमखास फसगत होते, कारण डोळा उताराला आडवं धरतो.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शर्मिष्ठा रात्री अकराच्या सुमारास माथ्यावर, म्हणजे आपल्या सगळ्यात उंच जागी येते. तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला २ तास. त्यामुळे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच स्थिती रात्री नऊला, डिसेंबरात सातला. उन्हाळ्यात हेच काम सप्तर्षी करतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या आसपास क्रतू आणि पुलह जवळजवळ एकाखाली एक येतात, तेव्हा ती रेघ थेट खाली आणली की उत्तर. मला तर ही एवढी दोन वेळापत्रकं पाठ असली तरी पुरतात.

पूर्व-पश्चिमेसाठी मृग. बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांतला जो सर्वांत आधी उगवतो तो तारा जवळजवळ नेमका खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरचं आकाशातलं वर्तुळ) आहे, हे फार कमी जण ध्यानात ठेवतात. त्यामुळे पृथ्वीवर कुठेही असा, ध्रुवप्रदेश सोडून, तो ठीक पूर्वेला उगवतो आणि ठीक पश्चिमेला मावळतो. अट एकच, क्षितिज सपाट हवं. डोंगरामागून दोन मुठी वर आल्यावर तो तुम्हाला पहिल्यांदा दिसला, तर तोवर (२० अंश अक्षांशावर) तो पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे साडेसात अंश सरकलेला असतो. तेवढं डावीकडे घ्या.

थंडीत दक्षिणेसाठी व्याध आणि अगस्ती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास अगस्ती आपल्या सर्वोच्च जागी असतो आणि थोड्याच वेळात व्याधाच्या बरोबर खाली येतो. ती रेघ दक्षिणेपासून पाच-सहा अंश पश्चिमेला पडते. चालायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. दिशा सापडणं हे पाच मिनिटांचं काम. ती तासभर टिकवणं हे खरं काम. अंधारात माणूस सरळ चालतो असं समजू नका. उताराने, दगडाने, खांद्यावरच्या वजनाने तो एका बाजूला ओढला जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. ५ अंश चुकलात तर एका किलोमीटरला जवळपास ८७ मीटर बाजूला जाता.

म्हणून ध्रुवाकडे मान वळवत चालायचं नाही. ज्या दिशेला जायचंय त्या दिशेला एक खालचा तारा निवडायचा, क्षितिजापासून एक ते दोन मुठींवरचा. त्याच्या खाली जमिनीवर एखादी खूण बघायची, झाड, सुळका, खिंड, काहीही. त्या खुणेकडे चालायचं. खूण गाठली की पुन्हा तारा, पुन्हा पुढची खूण. तारा फार वर गेला की सोडून द्यायचा आणि त्याच जागी वर आलेला दुसरा घ्यायचा.

तारा किती वेळ चालतो हे अक्षांशावर अवलंबून आहे. विषुववृत्ताजवळ तारे जवळपास उभे वर चढतात, म्हणून त्यांची दिशा हळू बदलते. क्षितिजालगत २० अंश अक्षांशावर हा बदल तासाला साधारण ५ अंश, तर ५० अंशांवर साडेअकरा. म्हणजे उष्ण कटिबंधात चालणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. मी अर्ध्या तासाने तारा बदलायचा असं धरतो.

पॅसिफिक महासागरातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. कोणता तारा क्षितिजावर कुठे उगवतो आणि कुठे मावळतो हे त्यांना पाठ असायचं. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही दोन नावा शेजारी जोडून केलेली शिडाची होडी हवाईहून ताहितीला गेली तेव्हा वाट दाखवणारे होते सातावाल बेटाचे माऊ पिआइलुग. नकाशा नाही, होकायंत्र नाही, सेक्स्टंट नाही. ‘होकुलेआ’ हे हवाईकडचं स्वाती ताऱ्याचं नाव. स्वाती हवाईच्या मुख्य बेटावर अगदी डोक्यावरून जातो, म्हणून दक्षिणेकडून परतताना तो डोक्यावर आला की आपण घरच्या अक्षांशावर पोचलो हे कळतं. जहाजाच्या ब्रिजवर उभा राहून मी स्वातीकडे पाहायचो तेव्हा मला या माणसांबद्दल फार आदर वाटायचा, आजही वाटतो.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. तारे दिशा सांगतात, तुम्ही कुठे आहात ते सांगत नाहीत. अक्षांश उंचीवरून निघतो, पण रेखांशाला अचूक वेळ लागते. वेळेत ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल, १८५२ मीटर. पायी चालणाऱ्याला याचा उपयोग शून्य. तेव्हा निघण्याआधी नकाशा बघून एवढं डोक्यात पक्कं करा, की वाट हरवली तर कोणत्या दिशेला चालत राहिल्यावर नदी, रस्ता, रेल्वे अशी एखादी लांबलचक, न चुकणारी गोष्ट आडवी येईल. ती दिशा ठाऊक असेल तरच आकाशाचा उपयोग. ठाऊक नसेल, किंवा पुढे कडा आहे की काय अशी शंका असेल, तर जागीच बसून उजाडायची वाट पाहा.

चंद्राबद्दल कुणीतरी लिहा, मला आता उठायला हवं.

कृत्तिका:

चंद्राबद्दल मी लिहिते. हौशी आकाशदर्शनाच्या गटाबरोबर असते, हा प्रश्न तिथे दरवेळी येतो.

कोरीची टोकं जोडण्याची युक्ती ऐकायला छान आहे, पण ती उत्तरेकडच्या मध्यम अक्षांशांवर थोडीफार चालते. विषुववृत्ताकडे आलं की कोर नावेसारखी आडवी पडते. मग टोकं जोडणारी रेघ क्षितिजाला जवळजवळ समांतर होते आणि ती ‘खाली आणायची’ कुठे हाच प्रश्न पडतो. २० अंशांवर तिच्यावर विसंबू नका.

त्यापेक्षा तिथी लक्षात ठेवा. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. शुद्ध पक्षातली कोर संध्याकाळी दिसते ती पश्चिमेलाच. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र दिवेलागणीला उंचावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास पश्चिमेला मावळतो. पौर्णिमेचा सूर्यास्ताला पूर्वेला उगवतो, पहाटे पश्चिमेला टेकतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला वर येतो. यात पूर्व म्हणजे ढोबळ पूर्व. चंद्राचं उगवतीचं ठिकाण नेमक्या पूर्वेपासून कधी कधी २५-३० अंशही बाजूला जातं. त्यामुळे चंद्रावरून चार दिशांचा अंदाज घ्यायचा, त्याहून बारीक काम ताऱ्यांवर सोपवायचं.

दक्षिणेचं एक राहिलं. मे महिन्याच्या मध्यावर रात्री नऊला त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस, उभा असतो, २० अंशांवरून पाहिलं तर क्षितिजाच्या वर जेमतेम मूठभर. तो ताठ उभा असेल तेव्हा त्याच्या बरोबर खाली दक्षिण. त्याच्या पूर्वेला मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे असतात, ते दिसले तरच तो त्रिशंकू माना. पश्चिमेला थोड्या अंतरावर तसाच दिसणारा, आकाराने मोठा पण फिकट एक चौकोन आहे, नवखे लोक त्यालाच त्रिशंकू समजतात. दक्षिण गोलार्धात गेलात तर त्रिशंकूचा लांब दांडा त्याच रेषेत साडेचार पट पुढे न्या, तिथे दक्षिण ध्रुवबिंदू. त्या जागी ध्रुवासारखा ठळक तारा नाही.

चार_ते_आठ काकांनी फिरण्याबद्दल लिहिलं त्यावरून आठवलं. स्टीफन एम्लेन या शास्त्रज्ञाने इंडिगो बंटिंग या पक्ष्यांना तारांगणात ठेवून प्रयोग केले होते. पिल्लं आकाश कोणत्या बिंदूभोवती फिरतं ते पाहून उत्तर शिकतात. त्याने आकाश दुसऱ्याच ताऱ्याभोवती फिरवलं, तर पिल्लांनी तीच उत्तर धरली. मला हे वाचल्यापासून आकाश पाहताना आधी फिरणंच दिसतं.

निशाचर:

फोनबद्दल एक. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनचा एक झोत ते सगळं घालवतो. लाल विजेरी वापरा, तीही मंद.

भटका_जीव:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिखाण दोनदा वाचून काढलं आणि काल रात्री बाहेर पडलो. आकाश बरंचसं ढगाळ होतं. एका मोकळ्या पट्ट्यात दोन-तीन तारे दिसत होते, पण ते कुठल्या नक्षत्राचे काही कळेना. मग दोन काठ्या रोवून तारा पाहण्याची पद्धत वापरली. आडवं पडून, दोन्ही काठ्यांची टोकं आणि तारा एका रेषेत आणले आणि वीस मिनिटं थांबलो. तारा उजवीकडे सरकला आणि थोडासा वरही गेला. वाचलं होतं की उत्तर गोलार्धात वर गेला तर पूर्व, खाली गेला तर पश्चिम, उजवीकडे गेला तर दक्षिण. इथे दोन्ही झालं. म्हणजे नेमकं काय समजायचं?

चार_ते_आठ:

दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधे कुठेतरी. उजवीकडे जास्त आणि वर कमी, म्हणजे दक्षिणेच्या जवळ, पण तारा अजून आपल्या सर्वोच्च जागी पोचलेला नाही. वर जास्त आणि उजवीकडे कमी असतं तर पूर्वेकडे कललेलं समजायचं. काठ्या रोवून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. ढगाळ रात्री एवढंच हाती असतं.

या पद्धतीत दोन गोष्टी सांभाळा. डोक्यावरचा तारा घेऊ नका, त्याच्यावरून काही निष्पन्न होत नाही. आणि शक्यतो उत्तरेकडचा घेऊ नका. ध्रुवाच्या वरचे तारे डावीकडे जातात, खालचे उजवीकडे, आणि ईशान्येला क्षितिजालगतचा तारा चढता चढता उजवीकडेही सरकतो. त्यामुळे तिथे ‘डावीकडे म्हणजे उत्तर’ हा नियम गोंधळात टाकतो. दक्षिणेच्या बाजूचा, एक-दोन मुठी उंचीचा तारा सगळ्यात भरवशाचा. तो शुक्र किंवा गुरू असला तरी चालेल. ग्रह नक्षत्रांमधून जागा बदलतात, पण तो हिशेब दिवसांचा आणि आठवड्यांचा. वीस मिनिटांत ग्रहही ताऱ्यासारखाच सरकतो.

वेळ असेल तर तिथेच थांबून काठ्यांची जुळणी पुन्हा पुन्हा करत राहा. तारा वर चढायचा थांबेल आणि नुसता आडवा उजवीकडे जायला लागेल, तेव्हा तुमच्या दोन काठ्या दक्षिणोत्तर उभ्या असतील. जहाजावर दुपारी सूर्याची उंची घेतो तेव्हा हीच घडी साधायची असते, सूर्य चढायचा थांबला की माथा आला. ताऱ्यालाही हीच रीत लागू पडते. काठ्यांवरून जमिनीवर एक लांब रेघ ओढून ठेवा, ढग पुरते आले तरी ती रेघ सकाळपर्यंत कामाला येते.

भटका_जीव:

समजलं काका. पुढच्या अमावास्येला काठ्यांसोबत ओळंबाही घेतो, शर्मिष्ठा तेव्हा साडेआठ-नऊला माथ्यावर येईल असा हिशेब केलाय. काय निघतं ते इथेच लिहीन.